म्यानातून खुकरी काढली आणि पातं तांबूस निघालं

या महिन्यात आलेल्या पत्रांत गंजाचेच प्रश्न जास्त आहेत, पावसाळा म्हटल्यावर येणारच. त्यातली तीन पत्रं घेतोय. पहिल्याला मुद्दाम मोठं उत्तर दिलंय, कारण निम्म्या लोकांनी थोड्याफार फरकाने तेच विचारलंय.

प्रश्न : माझे वडील सैन्यात होते. १९८७ ला रिटायर झाले तेव्हा शेजारच्या गोरखा पलटणीतल्या मित्रांनी त्यांना खुकरी भेट दिली होती. वडील चार वर्षांपूर्वी गेले, तेव्हापासून ती हॉलमध्ये भिंतीवर म्यानातच लटकलेली, कोणी हात लावला नाही. परवा भिंतीला ओल आली म्हणून खाली घेतली तर म्यानातून निघेचना. जोर लावून काढली तर एका बाजूने अर्धं पातं तांबूस, हाताला खरखरीत लागतंय, मुठीजवळच्या पितळेवर हिरवं आलंय. शेजारचे काका म्हणतात बफिंगवाल्याकडे दे, दहा मिनिटांत आरसा करून देईल. मेहुणा म्हणतो रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवून ठेव. काय करू? — एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : दोन्हीतलं काहीही करू नका. गंज महिनाभर तसाच राहिला तरी फार बिघडणार नाही, पण बफिंगच्या चाकावर गेलेलं पोलाद परत येत नाही. हे मी अनुभवाने सांगतोय. माझ्याकडे पहिल्या महायुद्धाच्या काळातली एक सरकारी खुकरी होती, तिच्या पात्यावर पाठीच्या बाजूला बाणाची खूण आणि सन ठोकलेला होता. गंजाचे ठिपके दिसले म्हणून मी ती घाईघाईत एका दुकानात पॉलिशला दिली. परत आली तेव्हा लखलखत होती, पण सनातले पहिले तीनच आकडे उरले होते, १९१, पुढचा आकडा चाकाने पुसून नेला. अजून आहे माझ्याकडे ती, कुठल्या सालची ते आता कळायला मार्ग नाही.

व्हिनेगरचंही तसंच. ते गंज खातं हे खरं, पण गंज संपला की चांगलं पोलाद खायला लागतं, त्याला काही फरक कळत नाही. सकाळी पातं बाहेर काढाल तर राखाडी, निस्तेज, आणि नीट धुवून लगेच कोरडं केलं नाहीत तर तासाभरात नवा गंज चढायला लागतो. कोकाकोला, लिंबू, चिंच सगळी त्याच जातीतली. आपल्याकडे विळीला राख नाहीतर विटेची पूड लावून घासायची पद्धत होती, ती विळीला ठीक आहे, तिला रोज घासून परत कामालाच लावायचंय. ही खुकरी कामाची वस्तू राहिलेली नाही, तुमच्या वडिलांची आठवण आहे, तिच्यावर एक ओरखडासुद्धा नवा पडायला नको.

आता आधी गंज का आला ते बघू, ते न बघता नुसता काढलात तर पुढच्या श्रावणात परत मला पत्र लिहाल. तुम्ही लिहिलंय एकाच बाजूला आहे. ती बाजू भिंतीकडे होती का ते आठवा, मला तर खात्रीच वाटते. रत्नागिरीत जांभ्याची भिंत पावसात कशी पाझरते ते तुम्हाला मी काय सांगायचं. खुकरीचं म्यान म्हणजे लाकडाच्या दोन फळ्या आणि त्यावर चढवलेलं चामडं, बहुतेक वेळा म्हशीचं. चामडं ओल धरतं, लाकूड ओल धरतं, लाकडातून थोडी आंबट वाफही सुटत असते, आणि पातं त्याच्या आत हवा न लागता वर्षानुवर्षं बसलेलं. लोकांना वाटतं म्यान म्हणजे संरक्षण. ते माणसाचं संरक्षण आहे, पात्याचं नाही! कायम ठेवायला म्यान ही सगळ्यात वाईट जागा.

दुसरी गोष्ट. वडील होते तोवर, म्हणजे तीस-पस्तीस वर्षं, त्याच भिंतीवर ती गंजली नाही आणि नंतर चार वर्षांत गंजली. म्हणजे ते अधूनमधून काढून पुसत असणार. आईंना विचारून बघा, कदाचित कुठल्या फडक्याने आणि कुठलं तेल लावून ते पुसायचे तेसुद्धा त्यांना आठवेल. नेपाळी घरांत खुकरीला सरसूचं म्हणजे मोहरीचं तेल लावतात, पलटणीतल्या मित्रांनी तेच सांगितलं असेल. दर महिन्याला पुसून नवं लावणाऱ्याला ते तेल चालतं, पण तसंच सोडलं तर हवेने घट्ट होतं, चिकट होतं, शेवटी वार्निशसारखा पिवळट-तपकिरी थर बसतो. तुमची खुकरी म्यानातून निघत नव्हती त्याचं एक कारण हे असू शकतं, आणि चांगली बातमी अशी की तुम्हाला जो तांबूस रंग दिसतोय त्यातला काही भाग गंज नसून हे जुनं तेलच असेल.

म्हणून पहिलं काम फक्त एवढंच. सुती कापडावर स्पिरिट घ्या (मेडिकलमध्ये मिळतं ते) आणि पातं हळूहळू पुसा. पाठीकडून धारेकडे पुसायचं, धारेवरून आडवं बोट कधीही न्यायचं नाही, खुकरी तीस वर्षं वापरली नसली तरी कापते. जवळपास दिवा-उदबत्ती काही नको. कापडावर पारदर्शक पिवळं आलं तर ते तेल, विटकरी भुकटी आली तर तो गंज. मग दिवसाच्या उजेडात, खिडकीशी, पातं तिरकं धरून बघा आणि उरलेल्या डागावरून नख फिरवा. नख सरळ सरकलं तर गंज वरवरचा आहे, अडकलं तर खाली खड्डा पडलाय. घाबरू नका, गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा घेतो, त्यामुळे वर फुगवटा दिसतो त्या मानाने खालचा खड्डा बराच लहान निघतो.

आणखी एक नीट बघायचं. लाल-नारिंगी, सुटणारा, भुसभुशीत तो खरा शत्रू. तो सच्छिद्र असतो, हवेतली ओल पितो आणि खाली खात जातो. काळा, घट्ट बसलेला, बोटाला गुळगुळीत लागणारा थर असेल तर तोही लोखंडाचा ऑक्साईडच, पण तो खालच्या पोलादाला झाकून ठेवतो. त्याला हात लावायचा नाही. जुन्या पात्याचं वय त्या काळेपणात दिसतं आणि जाणकार माणूस तेच बघून वस्तूची किंमत करतो.

आता काढायचं कसं. शिलाई मशीनचं तेल आणा, ते पातळ असतं, गंजाच्या आत शिरतं. डागांवर भरपूर लावा आणि एक पूर्ण दिवस तसंच ठेवा, पातं आडवं ठेवायचं म्हणजे तेल मुठीत उतरणार नाही. दुसऱ्या दिवशी जाड खरबरीत सुती कापडाने, जुन्या टॉवेलच्या तुकड्याने, पुसा. वरवरचा गंज बहुतेक एवढ्यातच निघतो, दोन-तीन वेळा करावं लागेल. जिथे निघत नाही तिथे माझी पद्धत सांगतो : इलेक्ट्रिशियनकडून जाड तांब्याच्या तारेचा वीतभर तुकडा घ्या, टोक हातोडीने ठोकून छिन्नीसारखं चपटं करा, आणि तेलात भिजलेला गंज त्या टोकाने अगदी हलक्या हाताने खरवडा. तांबं पोलादापेक्षा मऊ, त्यामुळे गंज सुटतो आणि पात्यावर ओरखडा येत नाही, तांब्याचा लालसर माग उमटला तर तेलाच्या कापडाने निघून जातो. एक इंच जागा झाली की पुसून बघा, मग पुढची. मला एका पात्याला तीन रविवार लागले होते आणि त्यात काही चुकीचं नाही.

यानंतरही राहिलंच तर सगळ्यात बारीक स्टील वूल, ज्यावर चार शून्यं लिहिलेली असतात ते, तेलात बुडवून वापरा. आधी मुठीजवळ न दिसणाऱ्या जागी करून बघा आणि मूळ पॉलिशच्या रेघा ज्या दिशेने आहेत त्याच दिशेने, गोल गोल अजिबात नाही. भांड्याची घासणी नको, पॉलिश पेपर नको. खड्ड्याच्या तळाशी काळे ठिपके राहतील, ते राहू द्या. ते घालवायचे तर आजूबाजूचं सगळं पोलाद तेवढं खाली आणावं लागतं. वाढणारा लाल गंज थांबला की तुमचं काम झालं.

मुठीबद्दल. मूठ लाकडाची आहे की शिंगाची ते तुम्ही लिहिलं नाहीत. शिंगाची असेल तर रॉकेल, स्पिरिट, गरम पाणी सगळ्यापासून लांब ठेवा, शिंगाला तडे जातात. आणि बऱ्याच खुकऱ्यांची मूठ राळेसारख्या चिकट पदार्थाने बसवलेली असते, उकळतं पाणी ओतलंत किंवा हेअर ड्रायर मुठीवर धरून बसलात तर ती राळ मऊ होऊन मूठ हलायला लागते. पितळेवरचं हिरवं म्हणजे कळंक, चामडं आणि तेल यांच्या संगतीत पितळ असलं की ते येतंच. ते मेणासारखं असतं, बांबूच्या काडीने कोरडंच खरवडलं तरी निघतं, मग स्पिरिटचा बोळा फक्त पितळेपुरता फिरवा. चिंच, लिंबू, पितांबरी देवाच्या भांड्यांना ठेवा, इथे त्याचं पाणी मुठीच्या फटीत जाऊन आतून पातं गंजवेल.

म्यानाच्या मागच्या खिशात दोन छोट्या वस्तू असतील, एक बारकी सुरी, तिला कर्द म्हणतात, आणि एक बोथट, ती चकमक. त्या विसरू नका, तिथला गंज कोणी बघतच नाही. आणि म्यानातून खुकरी काढताना म्यान धारेच्या बाजूने मुठीत धरू नका, जुनं चामडं शिवणीत उसवलेलं असतं आणि धार थेट बोटांवर येते. म्यान पाठीच्या बाजूने धरायचं.

सगळं झालं की पातं स्पिरिटने शेवटचं पुसा, पूर्ण वाळू द्या आणि यापुढे उघड्या हाताने पात्याला शिवू नका, घामातलं मीठ पुरतं, आठवड्याने अंगठ्याचा ठसा जसाच्या तसा तांबूस उमटलेला मी बघितलाय. मग शिलाई मशीनच्या तेलाचा किंवा मेडिकलमधल्या लिक्विड पॅराफिनचा अगदी पातळ हात. खोबरेल नको, खवट होतं. गंज सोडवायचे स्प्रे मिळतात ते सोडवायला चांगले, पण त्यातलं बरंचसं उडून जातं, पावसाळाभर राखण करायला ते पुरत नाहीत. जमलं तर मायक्रोक्रिस्टलाइन वॅक्स मागवा, म्युझियममध्ये वापरतात ते, महाग आहे पण नखाएवढं पूर्ण पात्याला पुरतं आणि त्यावर धूळ चिकटत नाही.

पावसाळ्यात ठेवायचं कुठे? म्यानात नाही आणि त्या भिंतीवर तर नाहीच. हवेतली आर्द्रता ६० टक्क्यांच्या वर गेली की गंजाला जोर येतो आणि तुमच्याकडे पावसात ८०-९० टक्के असते. पातं बटर पेपरमध्ये गुंडाळून झाकण घट्ट बसणाऱ्या प्लास्टिकच्या डब्यात, सोबत सिलिका जेलच्या पुड्या, वर्तमानपत्र आणि फोम नको. दाण्यांचा रंग बदलला की तापवून परत वापरता येतात, पण निळ्या दाण्यांत कोबाल्ट असतं, ते स्वयंपाकाच्या ओव्हनमध्ये घालू नका. म्यान वेगळं, सावलीत, पंख्याखाली आठवडाभर वाळवा, उन्हात नाही. मग भिंतीवर म्यान एकटं लावायचं असेल तर मागे दोन कॉर्कचे तुकडे चिकटवा म्हणजे भिंत आणि म्यान यांच्यात बोटभर हवा राहील. दिवाळी झाली, हवा कोरडी पडली, की खुकरी त्यात घालून उन्हाळाभर लावा, मे संपायच्या आत परत डब्यात.

प्रश्न : मी इथे शिकायला आलोय आणि जुन्या-नव्या ओपिनेल, म्हणजे पातं मुठीत घडी होणाऱ्या, सुऱ्या जमवायला लागलोय. कार्बन पात्याची एक आठ नंबर घेतली आणि एकदाच सफरचंद आणि लिंबू कापलं, पुसून ठेवली, सकाळी पातं निळं-काळं आणि कडेला दोन नारिंगी ठिपके. फॉल्टी पीस आलाय का? शिवाय ती आता उघडायलाही जड जाते. — एक वाचक, ग्रेनोबल, फ्रान्स

उत्तर : पीस एकदम बरोबर आहे आणि तुम्ही बसलायत तेही अगदी योग्य ठिकाणी, ही सुरी शेजारच्या साव्हॉय प्रांताची, जोसेफ ओपिनेलने १८९० मध्ये तिथेच बनवायला सुरुवात केली. कार्बन पात्यात गंज अडवण्याइतकं क्रोमियम नसतं. आपल्याकडच्या लोखंडी विळीवर कैरी चिरली की पातं काळं पडतं ना, अगदी तेच झालंय. निळा-काळा रंग हा पॅटिना, तो राहू द्या, वाढू द्या, तो जितका सारखा बसेल तितके लाल ठिपके कमी येतील. नारिंगी ठिपके तेवढे तेलाच्या बोळ्याने काढा. लिंबानंतर नुसतं पुसून भागत नाही, ओल्या कापडाने रस काढायचा, मग कोरडं करायचं, मग तेल, आणि खायच्या वस्तू कापणार असाल तर लिक्विड पॅराफिनच, मशीनचं तेल नाही.

उघडायला जड जातेय कारण बीचच्या लाकडाची मूठ ओल पिऊन फुगलीय. ओढाताण करू नका, दोन-तीन दिवस कोरड्या खोलीत ठेवा, आपोआप सैल होईल. संग्रहातली एक कापायला वापरा, बाकीच्यांना फळं दाखवू नका. जुनी घेताना पात्याच्या मुळाशी फिरणारी लोखंडी रिंग आहे का बघा, ती १९५५ मध्ये आली, त्याआधीच्यांना नसते, आणि अशी बिनरिंगची मूळची सुरी मिळाली तर तिच्यावर मुकुट घातलेल्या हाताची खूण शोधा आणि ती खूण घासली जाईल असं काहीही करू नका.

प्रश्न : आमच्या देवघरात पणजोबांच्या आधीपासूनची एक कट्यार आहे. दरवर्षी खंडेनवमीला पूजा होते, हळदकुंकू, फुलं वाहतो, कोहळाही तिनेच कापतात. यंदा बघितलं तर जिथे कुंकू लागतं बरोबर तिथेच लाल खड्डे पडलेत. गंजाच्या मधे पात्यावर पाण्याच्या लाटांसारखी बारीक नक्षी दिसते, मुठीवर थोडं सोनेरी काम आहे. धाकटा भाऊ दसऱ्याआधी पॉलिश पेपर मारून साफ करणार म्हणतोय. — एक वाचक, सातारा

उत्तर : भावाला आजच थांबवा, हे उत्तर वाचायला द्या. ती लाटांसारखी नक्षी म्हणजे बहुधा जौहर, आपल्या दक्षिणेतल्या जुन्या पोलादाची खूण, ज्याला कानडी-तेलुगूत उक्कू म्हणायचे आणि इंग्रजांनी त्याचं वुट्झ केलं. ती नक्षी वरून कोरलेली नसते, पोलादाच्या पोटात असते, पण डोळ्याला दिसते ती जुन्या कारागिराने शेवटी तेजाब लावून उठवलेली असते म्हणून. पॉलिश पेपरचे चार हात फिरले की सपाट पांढरं पातं हातात येईल आणि ती नक्षी परत उठवणं घरच्या माणसाचं काम नाही. सोनेरी काम तर आणखी नाजूक, लोखंडावर बारीक रेघा मारून त्यात सोनं ठोकून बसवलेलं असतं, त्याला कोफ्तगिरी म्हणतात, आणि खालचं लोखंड गंजून फुगलं की ते सोनं पापुद्र्यासारखं वर उचललं जातं. पुसलंत तर तेच कापडाला लागून येईल. मुठीला सुद्धा हात लावू नका.

तुमच्या वस्तूवर घरी एवढंच करायचं : मऊ ब्रशने सुकलेलं कुंकू झाडायचं, पात्याला पातळ तेलाचं बोट लावायचं, मुठीला नाही, आणि कोरड्या डब्यात ठेवायची. पुढचं काम वस्तू जतन करणाऱ्या तज्ज्ञाचं, मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात असा जतनाचा विभाग आहे, तिथे आधी फोटो पाठवून विचारा. खर्च होईल. पण पाच-सहा पिढ्या जे जपलं ते एका दुपारी घालवू नका.

पूजेचं म्हणाल तर ती बंद करा असं मी कधीच म्हणणार नाही, पूजा होते म्हणूनच तर अशा वस्तू अजून घरात आहेत, नाहीतर कधीच भंगारात गेल्या असत्या. ओलं हळदकुंकू पाणी धरून बसतं, वाळलं तरी दमट हवेत परत ओलावतं, आणि कुंकू पुसायचं नसतं म्हणून ते वर्षभर तसंच राहतं, खड्डे त्याचेच आहेत. फुलांच्या देठाचं पाणी आणि कोहळ्याचा रस वर आहेच. यंदा पाटावर कोरडं वस्त्र घाला, त्यावर कट्यार ठेवा, शेजारी विड्याचं पान-सुपारी मांडा आणि हळदकुंकू, फुलं त्या पानावर वाहा, कट्यारीला कोरड्या अक्षता. कोहळ्याला घरातला कोयता घ्या, त्याचीही पूजा त्याच दिवशी असते. आणि दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी उचलाल तेव्हा अक्षता झाडून, पात्याला तेलाचं बोट फिरवून मगच डब्यात ठेवा, हे काम भावालाच द्या.